कणगीवरची शकुंतला



दिवाळीच्या आधी आर्वीचं घर रिकामं केलं. नातेवाइकांना ते घर माहीत आहे, बाकीच्यांसाठी सांगतो: मातीच्या जाड भिंती, वर कौलं, पुढे ओसरी, मागे विहीर. भाऊ गेल्यापासून तिथे कोणी राहत नव्हतं. दर पावसाळ्यात एक भिंत खचायची आणि आम्ही फोनवर एकमेकांना "बघू पुढच्या वर्षी" म्हणायचो. शेवटी विकायचं ठरलं. बहीण अमरावतीहून आली, पुतण्या पुण्याहून आणि मी वर्ध्याहून. तीन दिवस नुसती भांडी, कागद आणि धूळ.

मागच्या खोलीत दोन कणग्या होत्या. एक फुटलेली, दुसरी धड. धड कणगीवर झाकण म्हणून एक लाकडी चौकट पडलेली होती, वरच्या बाजूने कापड ताणलेलं, काळं पडलेलं. पुतण्यानं ती उचलून पालथी केली, खांद्यावरच्या पंचाने पुसली आणि मला हाक मारली, "मोठेबाबा, इकडे या. हे काय आहे?"

मला लांबूनच कळलं काय आहे ते. साठ वर्षांत एकदाही त्या चौकटीला मी हात लावला नव्हता, पण ती तिथे आहे हे मला प्रत्येक वेळी ठाऊक होतं. ते तैलचित्र आहे. चित्रात शकुंतला आहे, आणि ती शकुंतला म्हणजे मी आहे.

आता नीट पहिल्यापासून सांगतो.

१९६३ साली मी नववीत होतो. आमची शाळा मुलांची. स्नेहसंमेलनात दरवर्षी एखादं नाटक व्हायचं, त्या वर्षी किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतल'मधले दोन प्रवेश बसवायचे ठरले. माझा आवाज तोवर फुटला नव्हता आणि अंगानं मी किडकिडीत होतो, एवढीच माझी पात्रता. आईचं जुनं लुगडं नेसून, केसात जास्वंद आणि कण्हेरी खोचून मी शकुंतला झालो. दुष्यंत झालेला मुलगा आमच्या वर्गातला सर्वांत दांडगा. तो विंगेत उभं राहून सुपारी चघळायचा आणि आपलं वाक्य आलं की गिळायचा.

चित्रकलेचे सर तालमीला येऊन बसायचे. डी.टी.सी. झालेले, अबोल. एका तालमीनंतर त्यांनी मला थांबवलं आणि म्हणाले, "पाय मागं उचल. तसाच उभा राहा." मी एका मित्राच्या खांद्यावर हात ठेवून, मान मागे वळवून, पाय उचलून उभा राहिलो. ती पोझ मला नवी नव्हती. आमच्या ओसरीतच ती टांगलेली होती.

ओसरीतलं चित्र म्हणजे राजा रविवर्म्यांची शकुंतला, छापील. आजोबांनी ते कधी आणि कुठून आणलं हे घरात कोणालाच सांगता येत नाही. खाली कोपऱ्यात मळवलीच्या छापखान्याचं नाव होतं. आजी रोज देवपूजा झाली की उरलेल्या कुंकवाचं बोट त्या चित्राला लावायची. मी एकदा तिला सांगितलं, की आजी, ही देवी नाही, ही नाटकातली शकुंतला आहे. त्यावर ती म्हणाली, "मंग का झालं? लेकुरवाळीच आहे नं. हसून काहून राह्यला रे पोट्ट्या?" मला त्यावर उत्तर सुचलं नव्हतं, आजही सुचत नाही.

ते चित्र तुमच्यापैकी बहुतेकांनी कॅलेंडरवर, पाठ्यपुस्तकात कुठेतरी पाहिलेलं असणार. मूळ तैलचित्र १८९८ सालचं, तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा कलादालनात आहे. सख्यांबरोबर जाता जाता शकुंतला थांबते, पायात काही रुतलं म्हणून पाय उचलते आणि त्या निमित्तानं मागे वळून बघते. आता गंमत बघा. जे रुतलं ते कालिदासात दर्भाचं कोवळं टोक आहे, आणि वल्कल अडकलं आहे ते कोरांटीच्या फांदीत. पहिल्या अंकाच्या शेवटी शकुंतला ही सबब सांगते, आणि दुसऱ्या अंकात दुष्यंत विदूषकाजवळ तेच मोठ्या खुशीत सांगतो, की थांबण्याचं काही कारण नसताना ती थांबली. म्हणजे काटा असा नाहीच! चित्रात दुष्यंतही नाही. ती ज्याच्याकडे बघते तो चौकटीच्या बाहेर आहे, साधारण जिथे आपण उभे असतो तिथे. नाटकात हे सोपं आहे, तो विंगेजवळ असतो. चित्रकारानं त्याला काढलाच नाही, ही मला रविवर्म्यांची सर्वांत मोठी हुशारी वाटते.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. पुढे मी मराठीत बी.ए. केलं, शिक्षक झालो, आणि पस्तीस वर्षं 'मराठी रंगभूमीचा उदय' शिकवताना वर्गात ठासून सांगत आलो, की रविवर्म्यांनी मुंबईत किर्लोस्करांचं शाकुंतल पाहिलं आणि त्यावरून शकुंतला रंगवली. कुठेतरी ऐकलं होतं, गोड होतं, सांगत गेलो. निवृत्तीनंतर सवड मिळाली तेव्हा सालं शेजारी शेजारी मांडली. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतल'चे पहिले चार अंक पुण्यात रंगभूमीवर आले ३१ ऑक्टोबर १८८० रोजी. आणि रविवर्म्यांची पहिली प्रसिद्ध शकुंतला, कमळाच्या पानावर नखानं पत्र लिहिणारी, म्हणजे नाटकाच्या तिसऱ्या अंकातली, ती मद्रासच्या प्रदर्शनात मांडली गेली १८७६ साली. चार वर्षं आधी. तिथल्या गव्हर्नरांनी, ड्यूक ऑफ बकिंगहॅम यांनी ती विकत घेतली, आणि मोनियर विल्यम्स यांच्या शाकुंतलाच्या इंग्रजी भाषांतराच्या सुरुवातीला तीच छापली गेली. तेव्हा किर्लोस्करांचं ऋण त्या चित्रावर तरी असू शकत नाही. माझे विद्यार्थी आता पन्नाशी-साठीचे असतील. त्यांच्यातलं कोणी हे वाचत असेल तर कृपया आपल्या वहीत दुरुस्ती करून घ्यावी.

पण म्हणून रंगभूमीशी संबंधच नाही, असंही नाही. रविवर्मा १८४८ साली किळिमानूरला जन्मले, त्रावणकोरच्या दरबारात वाढले. तिथे कथकळीचं वातावरण. तैलरंगाचं तंत्र शिकवायला त्यांना धड गुरू मिळाला नाही. १८६८ साली थिओडोर जेन्सन नावाचा युरोपीय चित्रकार दरबारात आला तेव्हा त्याचं काम बघत बघत त्यांनी हात बसवला. नंतर ते आणि त्यांचे धाकटे बंधू राजा राज वर्मा मुंबईत पुष्कळ राहिले. धाकट्या बंधूंची रोजनिशी छापलेली आहे. त्या काळची मुंबई म्हणजे पारशी नाटक कंपन्या, मराठी नाटक कंपन्या, पडदे, टाळ्या. आणि चित्रं बघा ना. माणसं सगळी पुढच्या बाजूला, ओळीत, उजेड समोरून, मागे झाडं किंवा महाल, अगदी पडद्यासारखा, हात असे, की आता वाक्य येणार. पडदा उघडावा आणि सगळी पात्रं क्षणभर स्थिर उभी असावीत, तसं. नाटकाचा अमुक प्रयोग पाहून अमुक चित्र काढलं असं नाही; नाटक बघणाऱ्या माणसाचा डोळा त्या चित्रांत आहे, एवढं मी आता म्हणतो.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी त्यांना पुराणप्रसंगांची चौदा चित्रं सांगितली, ती १८९० च्या सुमाराला पुरी झाली. त्यात अर्जुन-सुभद्रा आहे. किर्लोस्करांचं 'सौभद्र' १८८२ मध्ये आलेलं, तेव्हा मुंबई-पुण्याच्या माणसाला ते चित्र बघून काय आठवलं असेल ते सांगायला नको. ही चित्रं काढण्याआधी दोघा भावांनी देशभर हिंडून प्राचीन पोशाख कसा असावा याचा शोध घेतला म्हणतात. साऱ्या देशाचा असा एक वेश काही सापडला नाही. शेवटी पुराणातल्या बऱ्याच बायका साडीतच आल्या, आणि लोकांनी ते असं काही मान्य केलं की पुढे नाटकातल्या, सिनेमातल्या आणि आमच्या स्नेहसंमेलनातल्या सीता-द्रौपदी तशाच नेसू लागल्या. शाकुंतलात कालिदास वल्कलं म्हणतो. आईच्या लुगड्यातली माझी शकुंतला बघून संस्कृतच्या सरांनी कपाळाला हात लावला होता.

आपल्या वऱ्हाडाचाही यात भाग आहे बरं का. दमयंती विदर्भाची राजकन्या, रुक्मिणीही विदर्भाची, आणि कालिदासाच्या दुसऱ्या नाटकातली मालविकाही विदर्भाचीच. आर्वीहून पश्चिमेला निघालं की वर्धा नदी लागते आणि पलीकडे, अमरावती जिल्ह्यात, कौंडण्यपूर. रुक्मिणीचं माहेर. रुक्मिणीची पालखी तिथून पंढरपूरला जाते. लहानपणी कार्तिकी यात्रेला आम्ही बैलगाडीनं जायचो. रविवर्म्यांची हंस-दमयंती १८९९ सालची: कठड्यावर हंस आणि गुलाबीसर लाल साडीतली दमयंती. ते चित्र मी पहिल्यांदा एका दुकानाच्या भिंतीवर पाहिलं तेव्हा दुकानदार म्हणाला, "गुरुजी, ही आपल्या इकडचीच पोरगी." नळ-दमयंतीचं आख्यान रंगभूमीवरही किर्लोस्करांच्या आधीच, १८७९ साली, सोकर बापूजी त्रिलोकेकरांनी संगीत नाटकात आणलं होतं. सगळा मान 'शाकुंतल'ला गेला आणि बिचारे त्रिलोकेकर राहून गेले. असो.

छापील चित्रांचं आता थोडं सांगतो, कारण आजोबांसारख्या माणसाच्या ओसरीत ती शकुंतला आली ती त्यामुळेच. राजेरजवाड्यांना तैलचित्र परवडतं, बाकीच्यांनी काय करावं? त्रावणकोर आणि बडोद्याचे दिवाण राहिलेले सर टी. माधवराव यांनी रविवर्म्यांना सल्ला दिला होता, की चित्रं युरोपात पाठवून छापून घ्या. रविवर्म्यांनी त्यापुढे जाऊन १८९४ साली मुंबईत स्वतःचाच छापखाना काढला, जर्मन यंत्रं आणि जर्मन कारागीर आणून. प्रत्येक रंगाला वेगळा दगड. एका चित्राला अनेक दगड लागायचे, एक दगड केसभर सरकला की नाकावर ओठ. वरून वार्निश दिलं की तैलरंगाची चमक येई. तिथून पहिलं छापून निघालेलं चित्र 'शकुंतला जन्म' होतं असं सांगतात: मेनका मूल पुढे करते आहे आणि विश्वामित्र तोंड फिरवून हात आडवा करतो आहे. हाही प्रसंग नाटकातला, पण नाटकात तो दिसत नाही, अनसूया तो दुष्यंताला फक्त सांगते. १८९९ मध्ये छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. धंदा बसला नाही, कर्ज झालं, आणि तो श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे गेला. दादासाहेब फाळक्यांनीही सिनेमाच्या आधी त्याच छापखान्यात काम केलं. १९७२ साली तिथे आग लागली आणि तो संपला.

लंडनमध्ये शंभर वर्षं आधी हेच झालेलं आहे, हे मला म्हातारपणी वाचायला मिळालं. बॉयडेल नावाच्या प्रकाशकानं १७८९ साली शेक्सपिअरच्या नाटकांतल्या प्रसंगांच्या तैलचित्रांचं एक दालनच उघडलं. मोठमोठ्या चित्रकारांना कामं दिली आणि त्यांच्या छापील प्रती विकून पैसा करायचा बेत केला. मध्ये फ्रान्सशी युद्ध आलं, परदेशातला खप बुडाला, आणि सगळी चित्रं लॉटरी काढून विकावी लागली. चित्रकलेचा आणि हिशेबाचा जुना वैरभाव असावा.

तिकडे नटाचं चित्र काढायची रीतही जुनी. हॉगार्थनं १७४५ मध्ये डेव्हिड गॅरिकला तिसऱ्या रिचर्डच्या भूमिकेत रंगवलं आहे: युद्धाआधीच्या रात्री दुःस्वप्नातून दचकून उठलेला, हात पुढे केलेला. ते चित्र रिचर्डचं की गॅरिकचं? दोघांचंही. आणि दुसरीकडे मिलेची ऑफिलिया, १८५१-५२ सालची. 'हॅम्लेट'मध्ये ऑफिलियाचं बुडणं रंगमंचावर घडतच नाही, राणी येऊन त्याचं वर्णन करते. मिलेनं ते वर्णन रंगवलं. मॉडेल झालेल्या मुलीला पाण्यानं भरलेल्या टबात पडून राहावं लागलं, आणि पाणी गार झाल्यामुळे ती आजारी पडली. म्हणजे नाटकावरून चित्र काढायच्या दोन वाटा झाल्या. एक, प्रेक्षकाला दिसलं ते. दुसरी, प्रेक्षकानं फक्त ऐकलं ते. काट्याची शकुंतला पहिल्या वाटेवरची, शकुंतला जन्म दुसऱ्या.

कधी कधी मात्र चित्र आधी आणि नाटक मागून. रविवर्म्यांचं कीचक-सैरंध्री १८९० च्या सुमाराचं. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचं 'कीचकवध' आलं १९०७ साली. त्यातला कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन आणि सैरंध्री म्हणजे आपला देश, हे प्रेक्षकांना लगेच कळलं, आणि सरकारलाही कळलं. १९१० मध्ये १८७६ च्या नाटकांच्या कायद्याखाली नाटकावर बंदी आली. पुढे १९२० मध्ये कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी 'सैरंध्री' नावाचा मूकपट काढला. हे बाबूराव आणि त्यांचे नात्यातले भाऊ आनंदराव मुळात नाटक कंपन्यांचे पडदे रंगवणारे. म्हणून तर मेस्त्रींचे 'पेंटर' झाले! त्या मूकपटात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका खरा वाटला, की तो कापायला लावला. चित्र, नाटक, पडदा, सिनेमा, सगळं एकाच बोळातून ये-जा करत होतं.

पडद्यांवरून आठवलं. नाटकाचे पडदे तैलरंगात नसत. ते पाणी आणि सरस घातलेल्या रंगात, कारण पडदा गुंडाळायचा असतो. झाडीपट्टीत, चंद्रपूर-गडचिरोलीकडे, मंडईच्या दिवसांत रातभर चालणाऱ्या नाटकांत रंगवलेले पडदे मी स्वतः पाहिलेले आहेत. शेवटचा पाहिला त्यात राजवाड्याच्या मागे ट्रॅक्टर होता.

आमच्या सरांनी मात्र तेलातच काढलं. विकतचे कॅनव्हास आर्वीत कुठून मिळणार? त्यांनी मांजरपाट चौकटीवर ताणला, त्याला सरसाचा हात दिला, त्यावर सफेदा. नळीतले रंग नागपूरहून आणलेले थोडे, तेही पुरवून पुरवून वापरायचे. आणि तेल घाणीवरचं, जवसाचं. मंडळी, तैलचित्रातलं तेल म्हणजे दुसरं काही नाही, आपलं जवसाचं तेल. लहानपणी आपण जे जवसाच्या चटणीत खाल्लं तेच. शेंगदाण्याचं तेल कितीही दिवस ठेवा, ओलंच राहील. जवसाचं हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, त्याची कातडी धरते, म्हणून रंग त्यात बांधता येतो. विदर्भात जवस पिकतो, वर्ध्याला मगनवाडीत तर तेलघाणीवर इतकं काम झालं की सुधारलेल्या घाणीला 'वर्धा घाणी' असंच नाव पडलं. सरांना वाटलं, आपल्याकडे तेलाला काय तोटा. पण घाणीवरचं कच्चं तेल फार दिवस वाळत नाही आणि पिवळं पडतं. संमेलन होऊन दोन महिने झाले तरी माझ्या गालाला बोट लावलं की चिकटायचं. माझी शकुंतला पहिल्यापासूनच थोडी काविळीची दिसत होती.

सरांनी मला विचारलं होतं, "काटा काढू का रे पायात?" मी संस्कृतच्या सरांकडून ऐकलेलं सांगितलं, की काटा नसतो सर, ती उगीच थांबते. ते हसले नाहीत. म्हणाले, "मग पाय नीट काढायला पाहिजे." आणि त्यांनी खरंच पायावर चार दिवस घालवले.

उन्हाळ्याच्या सुटीत सर ते चित्र घेऊन आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना बसवलं, चहा दिला, चित्र बघितलं, आभार मानले. सर गेल्यावर म्हणाले, "घरात मुलींची लग्नं व्हायची आहेत. पाहुणे येतील, आणि भिंतीवर पोरगा लुगडं नेसून." एवढंच. आवाज चढवला नाही. त्याच दिवशी संध्याकाळी ती चौकट कणगीवर गेली, रंगाची बाजू खाली. ओसरीत खिळा होता, जागा होती, शेजारीच ती दुसरी शकुंतला होती. पुढच्या वर्षी मला पुन्हा नाटकात बोलावलं तेव्हा माझा आवाज फुटला आहे असं मी सांगितलं. तो तेव्हाही फुटला नव्हता.

बाबांना मी दोष देत नाही. पण एक गोष्ट परवा कणगीजवळ उभा असताना लक्षात आली आणि मला ओसरीत येऊन बसावं लागलं. मी ज्या शाळेत नोकरी केली ती मुलांचीच. तिथे वीस वर्षं स्नेहसंमेलनाची नाटकं मी निवडायचो. आणि वीसच्या वीस वर्षं मी स्त्रीपात्रविरहित एकांकिका निवडल्या. सोयीच्या असतात, कपड्यांचा खर्च नाही, मुलं चिडवत नाहीत, असं मी सगळ्यांना सांगायचो आणि स्वतःही मानायचो. आठवीतला एक मुलगा होता, फार गोड गळ्याचा. तो दोन वर्षं लागोपाठ माझ्याकडे आला, "गुरुजी, नाट्यगीतांचं काही करू या नं, मी बाईचं काम करतो." मी त्याला म्हणालो, "अभ्यास कर." तिसऱ्या वर्षी तो आला नाही. त्याचं पुढे काय झालं, मी विचारलं नाही.

पुण्याला पुतण्याकडे जातो तेव्हा बालगंधर्व रंगमंदिरात एक फेरी असतेच. २६ जून १९६८ ला, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, ते सुरू झालं. नारायणराव त्याआधी वर्षभरच, १५ जुलै १९६७ ला गेले होते. तिथे गोपाळ देऊसकरांनी रंगवलेली त्यांची दोन तैलचित्रं आहेत, एक पुरुषवेशातलं आणि एक स्त्रीवेशातलं. दोन्ही मोठी, दोन्ही मानानं लावलेली. ज्या माणसाच्या नेसण्यावरून घराघरांतल्या बायका नेसायला शिकल्या, त्याचं एकच चित्र लावून भागलं नसतं, हे ज्यानं कोणी ठरवलं त्याला माझा नमस्कार. मी तिथे दरवेळी जरा जास्त वेळ उभा राहतो. पुतण्याला वाटायचं म्हाताऱ्याला पायऱ्या चढून दम लागला. त्याला खरं कारण यंदा कळलं.

तर आता चित्राची अवस्था. साठ वर्षं ज्वारीवर पालथं पडून राहिलं. मांजरपाटाला सरस, वर जवसाचं तेल, म्हणजे उंदरांना मेजवानीच. वरचा उजवा कोपरा कुरतडलेला, त्यात अर्धा चेहरा गेला. एक डोळा आहे, एक नाही. ज्याच्या खांद्यावर हात ठेवला होता तो मित्रही गेला, चित्रातला आणि खराही. लुगड्याचा हिरवा रंग काळपट झाला आहे आणि त्यात ज्वारीचा कोंडा कायमचा चिकटला आहे. पाय मात्र जसाच्या तसा. टाच, बोटं, मागे वळलेला तळवा. सरांनी उगीच चार दिवस घातले नव्हते.

पुतण्यानं पुण्यात एका जाणकाराला फोटो पाठवले. त्यांनी सांगितलं, की साफ करता येईल, कापड मागून नव्या कापडावर चढवता येईल, आणि जुना फोटो असेल तर चेहराही नवा काढून देतो, ओळखू येणार नाही. संमेलनाचा एक ग्रुप फोटो आहे, त्यात मी लुगड्यात उभा आहे. पुतण्या म्हणाला, "मोठेबाबा, करून घेऊ या नं, खर्चाचं मी पाहतो." बहीण म्हणाली, "दादा, तोंड तुझं आहे, तूच ठरव." मी दोन दिवस मागून घेतले. मग सांगितलं की साफ करा, कापड चढवा, पण चेहऱ्याला हात लावू नका. सरांनी काढलेला अर्धा आहे तेवढा पुरे. भोक तसंच दिसलं तरी चालेल. पुतण्याला ते फारसं पटलेलं नाही. चित्र सध्या त्याच्याकडे आहे, संक्रांतीला घेऊन येतो म्हणाला आहे. इथे बैठकीत, दारातून येणाऱ्याला समोर दिसेल अशा ठिकाणी मी खिळा ठोकून ठेवला आहे.

ओसरीतली छापील शकुंतला बहिणीनं मागून घेतली. परवा तिचा फोन होता. काच बदलायला दिली तेव्हा दुकानदार म्हणाला म्हणे, की ताई, या बाईच्या कपाळावर आणि पायावर लाल डाग आहेत, पुसून टाकू का? तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आजीचं कुंकू आहे ते, राहू दे.